पुढचा ब्रेक

मार्चमधला पहिला कोरडा शनिवार होता. तनिषा नाश्ता झाल्याबरोबर गॅरेजमध्ये गेली आणि थोड्या वेळाने शैलाही तिच्या मागोमाग आली. मिल्टन कीन्सच्या त्या वस्तीत गॅरेज घरांना जोडलेली नव्हती. घरांच्या मागच्या गल्लीत हिरव्या पत्र्याच्या दारांची रांग होती, आणि त्यातलं शेवटून दुसरं दार शैलाचं. गल्लीचं एक टोक बंद होतं. दुसऱ्या टोकाचा रस्ता उतरत उतरत मोठ्या राउंडअबाउटला, म्हणजे गोल चौकाला, जाऊन मिळायचा.

शैला मिरजेहून नर्स म्हणून इंग्लंडमध्ये आली, तेव्हा तिने पंचविशीही गाठली नव्हती. पुढची जवळजवळ सगळी नोकरी तिने हॉस्पिटलच्या अपघात विभागात केली. नवरा गेल्यावरही ती कामावर जात राहिली, आणि गेल्याच वर्षी रिटायर झाली. तनिषा तिची एकुलती एक मुलगी. इथेच जन्मलेली, रेसिंग कारचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. बाईक तिचीच, चारशे सीसीची, गडद निळी. ऑक्टोबरमध्ये ती बाईक आईच्या गॅरेजमध्ये ठेवून गेली, कारण अपूर्वला ती चालवलेली आवडत नव्हती.

आणि जानेवारीत तनिषा स्वतःच आली. खांद्याला एक बॅग, सुजलेला जबडा.

अपूर्व नागपूरचा. वर्क व्हिसावर आलेला, बेसिंगस्टोकमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दोघांची ओळख झाली आणि दोन वर्षं ती एकत्र राहिली. घरी आला की वाकून नमस्कार करायचा, जेवल्यावर स्वतःचं ताट धुवायचा. शैलाला तो मनापासून आवडायचा. तनिषाच्या दंडावरचे निळे डाग तिने एकदा पाहिले होते. "जिममध्ये लागलं," असं तनिषा म्हणाली, आणि आयुष्यभर असले डाग पाहिलेल्या शैलाने ते खरं मानलं होतं.

आता कोर्टाने त्याला तनिषापासून लांब राहायचा आदेश दिला होता. सोमवारपासून तनिषाला बाईकवरून कामावर जायचं होतं.

बॅटरीचं काम सोपं निघालं. हिवाळाभर ती घरात चपलांच्या रॅकशेजारी बारीक चार्जरला लावलेली होती. तनिषाने मीटर लावून पाहिलं, मान डोलावली, टर्मिनलवरची पांढरी बुरशी ब्रशने घासून काढली आणि आधी लाल वायर, मग काळी वायर जोडली. किल्ली फिरवून बटण दाबल्यावर इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. पत्र्याचं गॅरेज दणाणून गेलं.

"बघ आई! तो बॅटरी एकदम फिट आहे."

"ती बॅटरी."

"ती बॅटरी. व्हॉटेव्हर." तनिषा हसली. जानेवारीपासून शैलाने तिला हसताना पाहिलं नव्हतं.

ब्रेकने मात्र त्रास दिला. पुढचं चाक फिरतच नव्हतं. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ ब्रेकच्या कॅलिपरमध्ये गेल्याने पिस्टन आत धरून बसले होते. तनिषाने कॅलिपर उतरवला, जुन्या टूथब्रशने घासला, पिस्टन मोकळे केले, नवीन रबरी सील बसवले आणि सगळं पुन्हा चढवलं. जुनं ब्रेकचं तेल तिने आधीच काढून टाकलं होतं. काळ्या चहासारखं ते बरणीच्या तळाशी पडलं होतं. आता नवीन तेल भरायचं आणि नळीतली हवा काढायची, एवढंच राहिलं होतं.

"तू लिव्हर दाब. मी सांगितल्यावर सोड. हवा राहिला तर ब्रेक लागणार नाही."

"सलाइनच्या नळीसारखं की."

"एक्झॅक्टली."

शैलाने हँडलवरचा लिव्हर दाबून पाहिला. काही जोर न लागता तो सरळ मुठीला येऊन टेकला. तेल नाही, काही नाही, नुसता पोकळ. तनिषा नव्या बाटलीचं सील फोडत होती. हँडलवरच्या ब्रेकच्या छोट्या टाकीत धूळ जाऊ नये म्हणून शैलाने तिचं झाकण नुसतं वर ठेवलं, आणि तेवढ्यात दारात सावली पडली.

"तनू."

अपूर्व उभा होता. अंगात स्वच्छ राखाडी कोट, दाढी केलेली. हातात काही नव्हतं.

तनिषा उठली. बाटली तिच्या हातातच राहिली. "तुला इथे यायला अलाउड नाही."

"फक्त पाच मिनिटं. मावशी, तुम्ही सांगा ना तिला. मी घरी बेल वाजवली, कोणी उघडलं नाही. बोलायचंसुद्धा नाही का माणसाने?"

"अपूर्व, तू जा," शैला म्हणाली. "जा नाहीतर पोलिसांना फोन करते."

फोन घरात ओट्यावर होता, हे तिला बोलता बोलता आठवलं. तनिषाचा फोन बाईकच्या सीटवर होता. अपूर्वनेही तो पाहिला. दोन पावलं आत येऊन त्याने तो उचलला आणि शांतपणे कोटाच्या खिशात टाकला.

"माझं पर्मनंट रेसिडेन्सीचं काम अडकलंय तुझ्या त्या कम्प्लेंटमुळे," तो म्हणाला. आवाज अजून मऊच होता. "ऑफिसमध्ये एचआरने बोलावलं. आईला नागपुरात कोणीतरी सांगितलं. तू फक्त एक मेल कर, की गैरसमज झाला. बस. मग घरी चल."

"नाही."

"काय नाही?"

"मेल नाही. घर नाही. माझा फोन दे."

त्याने तिच्या तोंडावर मारली. चापट नव्हती ती, मूठ होती. तनिषाचं डोकं मागच्या लोखंडी रॅकवर आपटलं, रंगाचे डबे खडखडत खाली आले आणि बाटली हातातून सुटून फुटली. ब्रेकचं तेल सिमेंटवर पसरलं. ती खाली बसायच्या आत त्याने तिचे केस धरले आणि तिला उभी केली.

"माझ्याकडे बघ बोलताना. कितीदा सांगितलंय? माझ्याकडे बघ!"

शैलाने त्याच्या कोटाची कॉलर मागून धरली आणि ओढली. त्याने मागे न पाहताच कोपर मारलं. ते तिच्या बरगड्यांत बसलं. आत काहीतरी काडीसारखं मोडल्याचा आवाज तिचा तिला ऐकू आला. ती गुडघ्यांवर पडली. श्वास घेतला तर जात नव्हता, सोडला तर सुटत नव्हता.

त्याने तनिषाचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा. पत्रा घुमला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा भुवईच्या वरची कातडी फाटली आणि रक्ताचा पडदा डोळ्यावर उतरला. तनिषाने नखं मारली, त्याच्या गालावर तीन ओरखडे उठले. त्याने तिचं मनगट पकडून उलटं पिरगाळलं. ती किंचाळली. अशी किंचाळी शैलाने तीस वर्षं ड्यूटीवर ऐकली होती, पण ती लोकांच्या मुलींची होती.

जमिनीवर पाना पडला होता. लांब, जड, चाकाचा नट आवळायचा. शैलाने तो दोन्ही हातांनी उचलला, उठली आणि अपूर्वच्या पाठीत घातला. नेम खांद्याचा होता, लागला मानेच्या खाली. तो ओरडला, त्याची पकड सुटली. तिने पुन्हा उगारला. या वेळी तिने डोक्याचाच नेम धरला. पुढे कित्येक दिवस तिला तेच आठवत राहिलं, की तिने डोक्याचा नेम धरला होता आणि हात जराही कापला नव्हता. पण पायाखाली तेल होतं. ती घसरली, पाना त्याच्या कानाजवळून गेला आणि रॅकवर आदळला.

अपूर्वने तो तिच्या हातातून हिसकावला.

क्षणभर तो तसाच उभा राहिला. हातात पाना, गालावर रक्त, समोर जमिनीवर एकसष्ट वर्षांची बाई. त्याने पाना फेकून दिला आणि तिच्या पोटात लाथ मारली. मग आणखी एक.

"मावशी म्हणायचो मी तुम्हाला! मावशी!"

"स्टॉप इट!" तनिषा ओरडली. ती रांगत आईपाशी आली आणि तिच्या अंगावर आडवी पडली. "मला मार. तिला नको. मला मार."

वरच्या कुठल्याशा खिडकीतून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, की पोलीस निघाले आहेत. अपूर्वने वर पाहिलं. मग गल्लीकडे. मग त्याची नजर बाईकवर आली. किल्ली तिथेच होती.

"हिच्यासाठीच ना सगळं?" तो म्हणाला. धाप लागली होती, आणि तो रडतही होता. "मी नको, घर नको, ही पाहिजे. मग बघ आता. कॅनॉलमध्ये घालतो हिला."

त्याने स्टँड पायाने उडवला आणि बाईकवर बसला. नागपुरात कॉलेजला तो बाईकनेच जायचा, असं नेहमी सांगायचा. बटण दाबताच इंजिन सुरू झालं.

शैला सिमेंटवर एका कुशीवर पडून पाहत होती. तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. टाकीवर नुसतं ठेवलेलं झाकण. जमिनीवर पसरलेलं तेल. तो पोकळ लिव्हर अजून तिच्या बोटांना जाणवत होता. एका शब्दाचं काम होतं. श्वास परत आला होता, तोंड उघडता येत होतं.

तिने तोंड मिटलेलं ठेवलं.

"ब्रेक!" तनिषा ओरडली. "अपूर्व, नो! ब्रेक नाहीये त्याला! फ्रंट ब्रेक नाहीये!"

तो वळून हसला. "अजून खोटंच." आणि गेला.

गल्लीतून बाहेर पडताना इंजिनाचा आवाज चढत गेला. उतारावर तो आणखी चढला. मग एकदम थांबला, मागचं चाक रस्त्यावर घासत गेल्याचा लांबलचक कर्कश आवाज आला, आणि त्यानंतर पत्र्याचा.

तनिषा तशीच बसून राहिली. शैला उठली. रॅकला धरून, मग भिंतीला धरून उठली. प्रत्येक पावलाला बरगडी आत टोचत होती. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तिने ठरवलं नव्हतं की आपण कुठे चाललो आहोत. तिथून तिला राउंडअबाउट दिसला आणि ती पळायला लागली.

सामान पोचवणाऱ्या एका पांढऱ्या व्हॅनच्या कुशीत बाईक घुसली होती. मागच्या एकट्या ब्रेकवर चाक लॉक होऊन ती आडवी गेली असणार. अपूर्व रस्त्याच्या कडेला गवतावर फेकला गेला होता. उजवा पाय मांडीपासून भलत्याच दिशेला वळला होता, आणि पँटमधून रक्त ठोक्याठोक्याने उडत होतं. व्हॅनवाला त्याच्यापाशी उभा राहून फोनवर नुसता "ओह गॉड, ओह गॉड" म्हणत होता.

शैला गुडघ्यांवर बसली. मांडीच्या मुळाशी दोन्ही अंगठे रुतवून तिने सगळं वजन टाकलं. रक्त कमी झालं, थांबलं नाही.

"गाडीत पट्टा आहे? सामान बांधायचा?" तिने इंग्रजीत विचारलं.

व्हॅनवाल्याने नारिंगी पट्टा आणला, कटकट करत आवळत जाणारा. शैलाने तो मांडीभोवती घेतला, खटका ओढला, पुन्हा ओढला. अपूर्व गुरासारखा ओरडला. तिने आणखी एकदा ओढला. रक्त थांबलं.

"मावशी," तो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. "मावशी, सोडू नका."

"बोलू नकोस," ती म्हणाली.

तिच्या बोटांवर त्याचं रक्त होतं आणि बाहीवर तनिषाचं. पट्टा सैल करायला फक्त एक खटका उचलावा लागला असता. हेही तिच्या मनात येऊन गेलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिने त्या खटक्यावरचा हात काढला नाही.

*

त्याचा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. तनिषाच्या कपाळाला टाके पडले, मनगट प्लास्टरमध्ये गेलं. शैलाच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. त्यांना कोणी प्लास्टर घालत नाही. हळू श्वास घ्यायचा आणि वाट पाहायची.

जबाब घ्यायला एक तरुण पोलीस अधिकारी घरी आली. बूट दारात काढून ती सोफ्यावर बसली, चहा घेतला. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, ब्रेक रिकामा आहे हे त्याला कोणी सांगितलं का?

"आम्ही दोघी ओरडलो," तनिषा लगेच म्हणाली.

"नाही," शैला म्हणाली. "ही ओरडली. मी नाही. मला माहीत होतं, मला बोलता येत होतं, आणि मी बोलले नाही."

अधिकारी बाईने लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. मग ते तसंच उतरवून घेतलं.

ती गेल्यावर तनिषाने चहाचे कप उचलले. मग एकदम भडकली.

"तू का बोललीस ते? व्हाय? तुला अरेस्ट केलं असतं तर?"

"खरं होतं म्हणून."

"तू का नाही ओरडलीस तेव्हा?"

शैलाने खोटं उत्तर शोधून पाहिलं. दुखत होतं, श्वास नव्हता, गोंधळले होते. तिन्हींपैकी एकही तोंडातून निघेना.

"मला वाटलं, जाऊ दे. मरतोय तर मरू दे."

तनिषा प्लास्टरवरचा धागा ओढत बसली. "मला वाटतं मी चांगली आहे म्हणून ओरडली, असं सगळे बोलणार," ती म्हणाली. "पण तसं नाही, आई. मला सवय होती. तो दारू पिला की गाडीचा किल्ली लपवायची. त्याचा बॉस चिडला की मीच मेल लिहून द्यायची. त्याला काही होऊ नये म्हणून मी चोवीस तास जागी. तो मला मारत होता आणि मी त्यालाच वाचवत होती. मला तुझा राग नाही येत. मला माझा राग येतो."

शैलाने तिला जवळ ओढलं. बरगडी कळवळली, तरी सोडलं नाही.

शैलावर काही कारवाई झाली नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने खिडकीतून बरंच काही पाहिलं होतं, व्हॅनच्या कॅमेऱ्यात पुढचं सगळं होतं. अपूर्वने गुन्हा कबूल केला. शिक्षेच्या दिवशी तो कुबड्यांवर कोर्टात आला, साडेतीन वर्षं ऐकून त्याने मान खाली घातली. तनिषाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

कोर्टाच्या बाहेर एक बाई एकटीच उभी होती. साडीवर कोणाचं तरी मोठं जॅकेट, पायात मोजे आणि चपला. शैलाने तिला फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलं होतं. अपूर्वची आई, मीनल.

मीनलनेही ओळखलं. ती जवळ आली तशी तनिषाचं अंग आखडलं.

"टॅक्सी कुठे मिळेल हो?" मीनलने विचारलं. "माझ्या फोनवरचं ॲप इथे चालत नाही."

शैलाने तिच्याकडे पाहिलं. "कुठे उतरलात?"

"स्टेशनजवळ. हॉटेलात."

"चला, सोडते."

"आई, नो," तनिषा म्हणाली. "मी नाही बसणार तिच्याबरोबर."

"मग तू बसने ये," शैला म्हणाली. तनिषा तिच्याकडे पाहतच राहिली. मग बॅग उचलून खरंच बस स्टॉपकडे चालायला लागली.

बाहेर पाऊस होता, वायपर चालू होते. एकामागून एक राउंडअबाउट येत होते, आणि प्रत्येक वेळी मीनल दाराचं हँडल घट्ट धरत होती.

"पट्टा तुम्ही बांधलात म्हणे," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि ब्रेकचंही माहीत होतं म्हणे."

"हो."

"तो म्हणतो, तुम्ही मुद्दाम केलं."

"मुद्दाम केलं नाही. अडवलंही नाही."

मीनलने मान हलवली. तो होकार होता की नकार, ते शैलाला कळलं नाही. हॉटेलपाशी गाडी थांबली तरी ती उतरेना. सीटबेल्टचं बटण तिला सापडत नव्हतं. शैलाने वाकून पट्टा सोडवला.

"तिच्या कपाळावरची खूण," मीनल म्हणाली, "जाईल का?"

"पुसट होईल. जाणार नाही."

"मी लांबूनच पाहिली. जवळ यायची हिंमत झाली नाही." तिने पदराने डोळे पुसले. "लहानपणी बहिणीला मारायचा तो. फार मारायचा. मी म्हणायचे, भावंडं आहेत, चालायचंच."

शैलाने वायपर बंद केले. बोलण्यासारखं बरंच होतं, पण त्यातलं काहीही त्या बाईच्या अंगावर टाकावंसं तिला वाटलं नाही, आणि तिला माफ करावंसंही वाटलं नाही. मीनल उतरली, दार नीट लागलं की नाही ते पाहून आत गेली.

शैला घरी पोचली तेव्हा तनिषा आधीच आली होती. स्वयंपाकघरात उभी राहून गार आमटी भाकरीशी खात होती.

"सोडलंस?"

"सोडलं."

"ती काय बोलली, मला नको सांगू. आज नको."

"बरं," शैला म्हणाली. तिने कोट काढून खुंटीला लावला, तनिषाच्या हातातली वाटी घेतली आणि आमटी गरम करायला ठेवली.